फळ्याचा वरचा अर्धा भाग

बाबा, काल त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलेलो, तुमच्या नातीला घेऊन. तुम्ही गेलात तेव्हा ती एक वर्षाची होती, तुमच्या चष्म्याची काडी चघळायची. आता पंधराची आहे. तिला काखेत घाम येतो. येतो म्हणजे आपल्याला येतो तसा, थंडीत, पंख्याखाली, नुसतं बसल्या बसल्या. हे 'आपल्याला' लिहिताना हात अडला, म्हणून उठून गॅलरीत जाऊन आलो. ती पथकाच्या सरावाला गेलीय, साडेपाचला सुटते. आत्ता कुठे चार वाजलेत, तरी मी वाकून गेटकडे बघितलंच. बायको म्हणाली, अहो, एका जागी बसा जरा, मुलगी सरावाला गेलीय, लढाईला नाही. मी बसलो. बसलो म्हणून हे लिहितोय.

ती ढोल-ताशा पथकात आहे. पाडव्याच्या शोभायात्रेत ध्वज नाचवते. ढोल वाजवणाऱ्याचे हात खाली असतात हो, ध्वजवाल्याचे सतत डोक्याच्या वर. गेली दोन वर्षं पांढरा झब्बा होता, निभावलं. यंदा पथकाने राखाडी कुर्ता काढला. ज्याने तो रंग निवडला त्याला जन्मात कधी घाम फुटला नसणार. पहिल्याच सरावाचा व्हिडिओ कोणीतरी ग्रुपवर टाकला आणि त्याखाली एका पोराने एकच शब्द लिहिला, 'तलावपाळी'. आपल्या ठाण्यातली, लोक संध्याकाळी तळ्याकाठी फिरायला जातात ती. बाकीच्यांनी हसून घेतलं आणि दोन दिवसांत तेच तिचं नाव झालं. तिने घरात अवाक्षर काढलं नाही. आज पोट दुखतंय, उद्या टेस्ट आहे, असं करत सराव टाळत राहिली, आणि पाणी प्यायचंच सोडून दिलं. पाणी नाही तर घाम कुठून येणार, असा तिचा सरळ हिशोब. शेवटी शाळेत चक्कर येऊन पडली, शाळेतून फोन आला, तेव्हा सगळं बाहेर आलं.

डॉक्टर बाई चांगल्या होत्या, घाई नव्हती त्यांना. झोपेत येतो का, विचारलं. नाही. दोन्हीकडे सारखाच? हो. कधीपासून? सातवीपासून. मग त्यांनी सहज विचारलं, घरात अजून कोणाला आहे का. पोरगी म्हणाली, "नाही, कोणालाच नाही." इतकं ठामपणे म्हणाली, बाबा, की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. पंधरा वर्षं एका घरात राहून मी पोरीला पत्ता लागू दिला नाही. काळे शर्ट, ऑफिसात कायम ब्लेझर, लग्नाकार्यात जॅकेट. तिला वाटतं बाबाला फॅशनची हौस आहे. मी म्हणालो, "मला आहे. माझ्या वडिलांनाही होता." ती माझ्याकडे बघतच राहिली. बाईंनी मान डोलावली, कागदावर लिहून घेतलं आणि तिला समजावलं की ही घाण नाही, घाबरटपणाही नाही. काखेतल्या ग्रंथींना मेंदूकडून जरा जास्तच हुकूम जातात, एवढंच, आणि पुष्कळदा घराण्यातच असतं. एक बाटली लिहून दिली. झोपताना लावायची, कातडी पूर्ण कोरडी असताना, सकाळी धुवायची. खाज आली तर एक दिवस सोडायचा. केस काढले त्या दिवशी लावायची नाही. महिनाभराने फरक नाही पडला तर इंजेक्शनं असतात, गोळ्या असतात, पुढचं पुढे बघू. आणि पाणी भरपूर प्यायचं.

मी तुमच्या तुरटीचं विचारलं. तुम्ही आंघोळ करून आलात की ओल्या अंगानेच काखेत तुरटी फिरवायचात, मग लगेच बनियन, लगेच शर्ट, आणि निघालात शाळेत. तीस वर्षं चुकलं नाही. बाई हसल्या. म्हणाल्या, ह्या बाटलीत आहे ते तुरटीचंच भावंड समजा. वडिलांची दिशा बरोबर होती, फक्त वेळ चुकली. ओल्या अंगावर ते धरत नाही, रात्री कोरड्यावर लावायचं. दवाखान्याच्या खुर्चीत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं रोज सकाळी, आणि कोणी एवढंसुद्धा सांगितलं नाही तुम्हाला. तुम्ही कोणाला विचारलं नसणार, हेही आलंच.

रिक्षात बसल्यावर ती भडकली. वर्तकनगर येईपर्यंत माझी हजेरी घेतली तिने. "तू मला एकदा तरी सांगायचंस ना. मला वाटलं जगात मी एकटीच अशी आहे." मी म्हणालो, चुकलं. खरंच चुकलं. मग तिने विचारलं, "आजोबांना पण चिडवायची का मुलं?" मी म्हणालो, हो, शाळेत. "काय म्हणायची?" मी म्हणालो, आठवत नाही आता. ती बाहेर बघत बसली, आणि बाहेर बघतच म्हणाली, "असली नावं ठेवतं तरी कोण, बाबा? कसली माणसं असतात ती?" तेवढ्यात आमचं गेट आलं. मी सुटे शोधायला लागलो.

कसली माणसं असतात, ते सांगतो. नववीतलं एक पोरगं असतं. डोंबिवलीतल्या शाळेत, तिसऱ्या बाकावर बसलेलं, आणि त्याचे वडील त्याच वर्गाला बीजगणित शिकवतात. घरी बाबा, शाळेत सर. सरांचा मुलगा म्हणजे चमचा, त्याच्यासमोर कोणी काही बोलत नाही, सुट्टीत डबा खायलाही बाजूला सरकून बसतात. ऑक्टोबर महिना, वर्गात एकच पंखा, तोही तुमच्या डोक्यावर नाही. तुम्ही फिक्या निळ्या टेरिकॉटच्या शर्टात, पाठमोरे. तुमची पद्धत म्हणजे फळ्याच्या अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात, हात ताणून. समीकरण कसं शेवटच्या बाकाला दिसलं पाहिजे. हात वर गेला की काखेपासून बरगडीपर्यंत गडद निळा पट्टा दिसायचा, कडेने मिठाची पांढरी रेघ. वर्गातली मुलं बघायची आणि मग चोरून माझ्याकडे बघायची, हा काय करतो म्हणून. मी म्हणालो, "आज नकाशा मोठा आलाय."

बस. एवढंच वाक्य. बाक हसला, मागचा बाक हसला, शेजारच्याने पाठीवर थाप मारली. मधल्या सुट्टीत पहिल्यांदा मला कोणीतरी स्वतःच्या डब्यातला बटाट्याचा काप दिला. आठवड्यात सातवीची पोरंसुद्धा तुम्हाला नकाशा सर म्हणायला लागली. मी तिथे थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी रफ वहीच्या शेवटच्या पानावर रोजचा नकाशा काढायला लागलो. कधी नुसता महाराष्ट्र, कधी अख्खा भारत, आणि एका शनिवारी खाली श्रीलंका. वही वर्गभर फिरायची. तेवढे महिने मी वर्गात कोणीतरी होतो.

मग तुम्ही वह्या तपासायला मागवल्या आणि मी घाईत गृहपाठाच्या वहीऐवजी रफ वही ठेवून दिली. गठ्ठा स्टाफरूमकडे गेल्यावर कळलं. ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांसारखं माझंही नाव पुकारलंत, मी सगळ्यांसारखा उठलो आणि वही घेऊन आलो. शेवटच्या पानावर, श्रीलंकेच्या खाली, लाल शाईने लिहिलेलं, 'नकाशाला प्रमाण नाही. दिशाही दाखवलेली नाही.' आणि खाली तुमची सही, तारखेसकट, सगळ्या वह्यांवर असते तशी.

संध्याकाळी जेवताना मी मान वर केली नाही. तुम्ही आमटी परत मागून घेतलीत, आईला म्हणालात, आज छान झालीय. एक कानफटीत मारायची होती, बाबा, त्या दिवशी. तेवढ्यावर भागलं असतं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही फळ्याच्या मध्यावरून लिहायला लागलात. हात खांद्याच्या वर जाईचना. वरचा अर्धा भाग कोरा करकरीत. मागच्यांना पुढच्यांची डोकी आड यायची, त्यांनी तक्रार केली तर तुम्ही म्हणालात, पुढे येऊन बसा. मुख्याध्यापकांनी आईला कुठल्याशा कार्यक्रमात विचारलं, सरांच्या खांद्याला काही झालंय का. तुम्ही घरी सांगितलंत, हो, जरा धरलाय. आई बिचारी रोज संध्याकाळी नारायण तेल कोमट करून तुमचा उजवा खांदा चोळायची. धडधाकट खांदा. तुम्ही डोळे मिटून बसायचात, मी समोर अभ्यासाला बसलेलो. दोन वर्षं ते तेल चाललं असेल. अजून कुठे कोणाच्या घरात त्याचा वास आला की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर पडतो.

थांबा, लिफ्ट वाजली. नाही, शेजारचे आहेत.

आणि मग मला सुरू झालं. अकरावीत होतो. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात, खोटं नाही. कॉलेजातून घरी आलो तर शर्टाला दोन्हीकडे ओले पट्टे, मी हात अंगाशी चिकटवून सरळ मोरीत गेलो. तुम्ही आरामखुर्चीत पेपर वाचत होतात. मला वाटलं, लक्ष नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घराजवळच्या, कोपरच्या बाजारातून तुम्ही कागदी पुडकं आणलंत. त्यात बाह्यांचे तीन बनियन होते आणि पेपरात गुंडाळलेला तुरटीचा खडा. माझ्यासमोर ठेवलंत आणि म्हणालात, "पांढरा घालत जा, निळा नको. आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण लोकांना ते माहीत नसतं."

लोकांना. माझ्याकडे बघून 'लोकांना' म्हणालात. तुम्हाला त्या क्षणी मला सुनावता आलं असतं, बघ कसं वाटतं आता, म्हणता आलं असतं. मी असतो तर म्हणालोच असतो. तुम्ही पेपर उचललात आणि वाचायला लागलात. मी ते बनियन विरेपर्यंत वापरले. तुमची माफी मागायची म्हणून मी किती वेळा कोपरच्या घराच्या पायऱ्या चढलो असेन, लग्न झाल्यावरसुद्धा, आणि दर वेळी वर येऊन क्रिकेटचा स्कोअर सांगितला. शेवटी हॉस्पिटलात तुमचे कपडे बदलताना तुम्ही दोन्ही हात वर केलेत, लहान मुलासारखे, माझ्यासमोर. तेव्हाही मी नुसता शर्ट काढला.

आता पोरीचं. बाटली काल पहिल्यांदा लावली, तिने आणि मीही. हो, बाईंनी मलाही तपासलं, या वयात. तिने माझ्या दारावर टकटक करून विचारलं, "कोरडं केलंस ना नीट?" पहिल्या दिवसात काही फरक पडत नसतो, तिलाही ठाऊक आहे. तरी आज म्हणाली, जाऊन बघते. ध्वजाचं कापड तिच्याकडेच असतं इस्त्रीला, ते पिशवीत भरलं. नाहीच जमलं तर कापड परत देऊन येईन, म्हणाली, दुसऱ्या कोणाला तरी द्या. पाडवा आठ दिवसांवर आलाय. मी म्हणालो, दुसरा कुर्ता मागू का पथकप्रमुखांकडे, पांढरा? ती म्हणाली, नको. तू कशालाही जाऊ नकोस. दारातून परत वळून म्हणाली, "आजोबा काय करायचे मग? चिडवल्यावर?" मी म्हणालो, शिकवायचे. खोटं नाही ते. पण अर्धंच खरं आहे, खालचा अर्धा भाग.

तिला खरं सांगितलं तर काय होईल याचीच भीती वाटते. आज तिला वाटतंय, बाबा माझ्या बाजूचा आहे, आम्ही दोघं एक आहोत. मी ग्रुपवर लिहिणारा तो मुलगा होतो, हे ऐकल्यावर ती दारावर टकटक करेल का? नाही सांगितलं तर ती त्या मुलाला जन्मभर राक्षस समजेल आणि मला साधू, आणि तुम्ही माझ्यासाठी केलंत ते कोणाला कधी कळणारच नाही.

पावणेसहा झाले. आत्ता गॅलरीतून दिसली, गेटमधून आत येतेय. कुर्ता दोन्हीकडून भिजलाय, चौथ्या मजल्यावरूनही दिसतोय. पिशवी खांद्याला आहे आणि भरलेली आहे, कापड आहे आत. मला बघून तिने हात केला. चांगला डोक्याच्या वर केला, सगळ्या बिल्डिंगला दिसेल असा. मीही केला, पण माझा कोपरापर्यंतच गेला, सवयीने.

बाबा, एक कबूल करतो. हे पत्र तुमच्यासाठी नव्हतंच. तुम्हाला सगळं माहीत होतं, सही आहे तुमची त्याखाली. तिला तोंडाने सांगायचं तर पहिलं वाक्य काय असावं, ते शोधत होतो, म्हणून तुम्हाला हाक मारली. आजोबांचं ते नाव मी ठेवलं होतं, हे ते वाक्य. लिफ्ट वर येतेय.