चार नंबरच्या ग्लासातलं सुकेळं

प्रिय अभ्या,

आज ऑफिसला सुट्टी टाकली आहे. सकाळपासून आचोळ्याच्या या फ्लॅटमध्ये लॅपटॉप उघडून बसले आहे आणि एक मेल लिहिते आहे. चार ओळींची मेल! तीनदा लिहिली, तीनदा पुसली. चहा दोनदा गार झाला. शेवटी म्हटलं, ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्यालाच आधी लिहू. तू उत्तर देणार नाहीस, माहीत आहे. जिवंत असताना तरी कधी वेळेवर दिलंस?

गेल्या रविवारी मी पुन्हा बिअरच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसले. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच. तुला सगळं पाठ आहे: अत्तर लावायचं नाही, लिपस्टिक नाही, सकाळी कांदा नाही, आणि ग्लासवर नाव नाही, फक्त नंबर. "ताई, तुमचं हे बिअर चाखणं म्हणजे नुसतं सोवळं आहे!" असं तूच म्हणायचास ना? यंदा माझ्या टेबलावर कॉफी स्टाउटचा गट आला. भाजलेल्या बार्लीची काळी बिअर आणि तिच्यात कॉफी. तुझी लाडकी.

पहिल्या ग्लासातली कॉफी शिळी होती, भोपळी मिरचीचा वास येत होता. दुसरा बरा, पण पाणचट. तिसरा मात्र छान! फेस बदामी, कॉफीचा कडवटपणा जिभेवर येतो आणि वेळेवर निघूनही जातो. खोट काढायला जागाच नव्हती. मनात मी पहिला नंबर त्यालाच देऊन टाकला होता. मग चौथा ग्लास नाकाशी नेला.

केळं!

समोर पुण्याचे एक सर आणि बंगळुरूची एक मुलगी, दोघेही परीक्षक, मान खाली घालून लिहीत होते. मला मात्र तुझी ब्रुअरी दिसायला लागली.

हायवेपलीकडच्या त्या छोट्या ब्रुअरीत तू टाक्या धुण्यापासून सुरुवात केलीस. सहा वर्षांनी मालकांनी पहिल्यांदा एक लहान टाकी तुझ्या भरवशावर सोडली. तू मला मुद्दाम बोलावलंस. सगळ्यांसमोर ग्लास ठेवलास आणि म्हणालास, "बहीण म्हणून नको, परीक्षक म्हणून सांग." मी सांगितलं. तेही कागदावर! "केळ्याचा वास. आंबवताना टाकी तापली. दोष. पन्नासपैकी चोवीस." बिअर तापली की केळ्यासारखा वास येतो, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात. मालकांनी कागद वाचला आणि तुझी सगळी बॅच गटारात सोडली. तू हसलास. "चल, भूक लागली," एवढंच म्हणालास.

मग गेल्या वर्षी गणपती गेले आणि मागोमाग तू. पाच दिवसांचा ताप, बस! तेराव्याला रॉनीने, तुझ्याबरोबर टाकीवर काम करायचा त्या रॉनीने, मला बाजूला घेतलं. "ताई, एक बोलू? रागवू नका. त्या स्टाउटमध्ये तुमच्या वाडीची सुकेळी होती. अभ्याने स्वतः कापून टाकलेली. मला बोलला, ताईला अजिबात सांगायचं नाही."

सुकेळी! अरे, मी गासच्या वाडीत वाढले. राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात घालायची, रोज उलटायची, दव पडायच्या आत घरात घ्यायची, हे माझ्या या हातांनी केलंय. आणि आपल्या घरचा वास मला ओळखता आला नाही? त्याला मी दोष म्हटलं? बरं, मला नाही कळलं, पण तू का नाही बोललास? एक वाक्य तर बोलायचं होतं! तुझ्या तेराव्याच्या दिवशी मी तुझ्यावर इतकी चिडले होते की पान वाढलेलं तसंच राहिलं.

तर तो चौथा ग्लास. त्याच्यासोबतच्या चिठ्ठीवर, बिअरमध्ये वेगळं काय घातलंय त्या जागी, फक्त "कॉफी" लिहिलेलं. तूसुद्धा सुकेळ्यांचं कुठे लिहिलं होतंस? मी घोट घेतला आणि ठरवून टाकलं. यावेळी चुकायचं नाही.

पुण्याचे सर म्हणाले, "मॅडम, सरळ सरळ दोष आहे. बाद करू या."

"दोष नाही," मी म्हटलं. "सुकेळं आहे ते. आमच्या वसईचं. तुम्ही खाल्लंय कधी?"

त्यांनी खाल्लं नव्हतं. त्या मुलीने तर नावही ऐकलं नव्हतं. वसईची बाई ठासून सांगते आहे म्हटल्यावर कोण वाद घालणार? मी बोलत राहिले, ऊन, मांडव, काय काय सांगितलं! माझा आवाज चढला होता. त्यांनी गुण वाढवले. चौथा ग्लास पहिला आला, तिसरा ग्लास दुसऱ्या नंबरवर गेला.

बक्षिसं झाल्यावर ती बिअर बनवणाऱ्याला शोधत गेले. पिकल्या दाढीचे एक गृहस्थ. मी उत्साहाने विचारलं, "सुकेळी किती टाकली होतीत?"

"काय टाकली?"

"सुकेळी. सुकवलेली केळी."

ते हसायलाच लागले. "मॅडम, खरं सांगू? टाकी गार ठेवणारा आमचा चिलर दोन दिवस बंद पडला होता. एन्ट्री भरून झालेली, म्हणून पाठवली. मला वाटलं, तुम्ही पहिल्या घोटालाच बाहेर काढाल."

त्यावर मी काय बोलले ते आठवत नाही. अभिनंदन म्हटलं असेल.

तेव्हापासून जिवाला चैन नाही, अभ्या. चार दिवस घरभर नुसती फिरते आहे, साबणापासून चहा पावडरीपर्यंत सगळं हुंगून बघते आहे. तिसरा ग्लास कोणाचा होता हेही अजून विचारलेलं नाही. धीरच होत नाही. त्यानेही कोणीतरी ताई, आई, बायको बरोबर आणली असेल ना? तुझ्यावर केलेला अन्याय धुऊन काढायला मी त्याचा बळी दिला. आणि खरं सांगितलं तर पुन्हा मला कोण परीक्षक म्हणून बोलावणार? पंधरा वर्षं कमावलेलं नाव आहे रे. त्याचीही भीती वाटते. तुझ्याशी काय लपवायचं?

परवा रॉनीला फोन केला, उगाच, कोणाशी तरी बोलायचं म्हणून. तर म्हणतो, "ताई, टाकी सोडायच्या आधी मी एक बाटली भरून ठेवलेली. देऊ का आणून?" मला आधी सांगायला काय झालं होतं त्याला? तुम्ही दोघं सारखेच!

काल ती बाटली घेऊन गासला आईकडे गेले. खरं कारण सांगते. मला वाटलं, तुझ्या सुकेळ्यांच्या बिअरलाही चौथ्या ग्लाससारखाच वास निघाला तर माझी चूक साहजिक ठरेल. मग ती मेल लिहायला नको.

स्वयंपाकघरात फुलपात्रात ओतली. कॉफी अजून जागेवर होती, शाब्बास! आणि मग केळं. सुकेळ्याचा तो मधासारखा, दाट वास नाहीच. ओलं, कच्चट केळं. दोन घोट घेतले, तिसरा घेतला. अभ्या, तेव्हा लिहिलं तेच मी काल पुन्हा लिहिलं असतं.

आई भाजी निवडत होती. "दारू ना ती?" म्हणत तिने फुलपात्र लांबूनच हुंगलं. मग जवळ घेऊन हुंगलं.

"आपलीच केळी आहेत ही," ती म्हणाली. "पण वाळलीत कुठे? तिसऱ्या दिवशी काढली त्याने मांडवावरून. मी ओरडले होते, अरे, अजून चार उन्हं लागू दे. ऐकलं नाही. टाकी उद्याच रिकामी आहे म्हणाला."

मी विचारलं, "तुला माहीत होतं? मग तो माझ्यावर रागावला नव्हता?"

"तुझ्यावर कशाला? त्या दिवशी घरी आला, इथेच बसला. म्हणाला, आई, तुझं ऐकलं नाही आणि ताईने पहिल्या घोटाला पकडलं. तिला सांगू नको हां, आयुष्यभर चिडवेल. आणि जेवला की दोन भाकऱ्या."

मी रडले रे. आईला वाटलं, बिअर चढली.

वर्षभर मी ज्याच्यासाठी स्वतःला खाल्लं ते तू दोन भाकऱ्यांबरोबर संपवून टाकलं होतंस! तुला माझ्याकडून खरं हवं होतं आणि ते मिळालं होतं. मग तिसऱ्या ग्लासवाल्याला ते का मिळू नये? त्याने तर सगळं नीट केलं होतं.

आत्ता हे पत्र थांबवून स्पर्धेच्या आयोजकांना ती मेल पाठवली. चौथ्या ग्लासातला दोष मी ओळखला नाही, बाकी दोघांनी ओळखला होता आणि मी त्यांना गप्प बसवलं, असं सरळ लिहिलं. निकाल बदला म्हटलं. तुझं नाव कुठे घातलं नाही. आता फोन येईल. येऊ दे. पुसता येणार नाही आता.

तुला एक शब्द देते, अभ्या. मला पुन्हा बोलावलं तर जाईन, आणि समोरचा ग्लास ज्याचा असेल त्याचाच म्हणून चाखीन. दुसऱ्याच्या बिअरमध्ये तुला शोधणार नाही. तू तिथे नाहीस.

फार आठवण येते रे.

तुझीच,
ताई