टाकीत तेल होतं

धाकट्या,

मी बाबांकडे दवाखान्यात जातोय. बोट काढायच्या आधी हे वाच. इंजिन दुरुस्त झालंय, पण त्याचा ऑइल पंप मी काढून टाकलाय. यापुढे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, पन्नास लिटरला एक लिटर, मापाने.

आणि बाबा तेल भरायला विसरले असं गावभर सांगणं बंद कर. टाकी भरलेली होती. तो जुना पंपच बंद पडला, म्हणून इंजिन भर समुद्रात जाम झालं आणि ते दिवसभर उन्हात वाहत राहिले. तेल पोचलं नाही की भोंगा वाजतो, पण तो उगाच बोंबलतो म्हणून त्याची वायर मीच गेल्या महिन्यात काढली होती.

बाबा म्हणतात, माझं डोकं चालेनासं झालंय, बोट विकून टाका. आज त्यांना सगळं सांगणार आहे. कालही हेच ठरवून गेलो होतो.

दादा