सूत आवरल्यावरचं तेल

माय, हे लिहायचं मी किती दिवस टाळतेय, तुला काय सांगू. आधी म्हटलं घरात पेन नाही. पेन आणायला चौकात गेले तर कढईतून गरम मावा जिलेबी निघत होती, ती खात उभी राहिले आणि पेन विसरून परत आले. मग म्हटलं, आपली शाळा दहावीतच सुटली, आपल्याला काय जमणार. खरं कारण एवढंच की तुला लिहायला बसलं की दर ओळीला तू नाहीस हे नव्याने कळतं. आज दुपारी बाबा लूमवर गेलेत, लोधीपुऱ्याच्या गल्लीत चारी बाजूंनी माग खडखडतायत, आणि मला कुणाला तरी विचारायचंय. तुझ्याशिवाय हे विचारण्यासारखं कोणी नाही.

ताईला मुलगी झाली. खकनारला, सासरीच. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. मी बाबांना घेऊन तिला आणायला गेले होते, सातवा सरला होता तेव्हा. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माय नाही तर माहेर कसलं? बाळंतिणीचं तेल-पाणी कोण करणार, तू? तू आज इथं, उद्या गोव्यात." तू गेलीस तेव्हा तीही पोरच होती, पण माझ्या वेण्या तिने घातल्या, डबा तिने भरला. मी मात्र मोठी झाले तशी निघाले. इंदूरला पार्लर, मग पुण्यात वेफर्सचा कारखाना, मग गोव्यात साबण आणि क्रीम करणाऱ्या एका बाईंकडे. एका जागी मला बसवत नाही, तू असतानाही नव्हतं. पण आता मला एकच गोष्ट पाहिजे. तिने लेकीला घेऊन थोडे दिवस या घरात यावं, आणि परत जाताना कुणी विचारलं तर म्हणावं, माहेरी गेले होते.

तुझं तेल लावणं मला आठवतं ते संध्याकाळचं. दिवसभर तू दारात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायचीस. चाक फिरतंय, सूत तुझ्या बोटांमधून सरसर जातंय, आणि जिथून जातंय तिथे बोटाला चीर पडलीय. एकदा मी डोक्याला चोपडलेल्या तेलाच्या हाताने तुझी भरलेली कांडी उचलली. तू फटकन हातावर मारलंस. "तेलाचा हात सुताले लावू नको व! डाग पडला तर साऱ्या कापडात दिसते." मी कोपऱ्यात जाऊन रडत बसले. मग सगळं सूत आवरून, हात धुऊन, तू वाटी घेऊन माझ्याजवळ येतेस. तिळाचं तेल, चुलीच्या उबेला ठेवलेलं. आधी माझ्या लाल झालेल्या हाताला लावतेस, मग ताईच्या, आणि उरलेलं तुझ्या चिरांना. त्या माराचं आता काही वाटत नाही, लावणं आठवतं.

गोव्याच्या बाई फार शिकलेल्या होत्या, पण शिकवायच्या मनापासून. त्यांच्याकडे एका फळीवर नुसत्या बियांची तेलं होती. मी तिथे पहिल्यांदा पाहिलं की आपण भाजीला फोडणी देतो ते करडईचं तेलसुद्धा लोक चेहऱ्याला लावतात. ते हलकं, लवकर जिरतं, चिकटपणा राहत नाही. तिळाचं थोडं जड, पण कोरड्या अंगातला ओलावा धरून ठेवतं. एरंडेल इतकं दाट की एकटं लावलं तर कातडी ओढल्यासारखं होतं, दुसऱ्या तेलात मिसळून टाचांना लावावं. मोहाच्या बियांचं तेल थंडीत तुपासारखं गोठतं आणि हातावर घेतलं की वितळतं, भेगांना त्याच्यासारखं काही नाही. करंज आणि निंबोळी खाजेला चांगली म्हणतात, पण वासाने शेजारीही घर सोडतील. बाई म्हणायच्या, तेलाने कुणी गोरं होत नाही, तसं लिहून विकायचं नाही. कातडी कोरडी पडते, तडकते, तिला मऊ करायचं, वरून एक पातळ पांघरूण घालायचं, एवढंच तेलाचं काम. एवढंच, असं त्या म्हणायच्या. मला तर ते पुष्कळ वाटायचं.

तर बाळ झाल्यावर मी गोव्याहून परत आले आणि हुशारी सुरू केली. जवसाचं तेल अंगाला फार चांगलं, असं कुठेतरी ऐकलं होतं. तेलघाणीवाल्याकडून ताजं काढून आणलं आणि म्हटलं, बाळाच्या आधी बाबांवर करून बघू. सकाळी ते लूमवर निघाले होते, त्यांना खाली बसवलं आणि दोन्ही हातांना खांद्यापर्यंत, गळ्याला, कानांनाही चोळलं. ते "बस कर, बेटा, बस कर" म्हणत राहिले, पण उठले नाहीत. दुपारी दार वाजलं. दारात बाबा. माय, मी त्यांना ओळखलंच नाही. जवसाचं तेल हवेत राहिलं की गोंदासारखं चिकट होतं, ते मला माहीत नव्हतं. लूममध्ये उडणारी सगळी रुई त्यांच्या हातांवर, गळ्यावर, कानाच्या पाळ्यांवर बसली होती. पांढरीशुभ्र.

"मेंढी बना दिया बाप को," ते म्हणाले. "मालक म्हणे, सुताले हात नको लावू, घरी जा. इतक्या वर्षांत पहिली बार."

मी रडायच्या बेतात होते, तर तेच हसायला लागले. हसता हसता खाली बसले. मी बेसन लावून त्यांचे हात धुतले, रुई गोळ्या गोळ्यांनी निघत होती, आणि ते म्हणाले, "तुझी माय तेल कधी लावायची? काम झाल्यावर ना?" तू गेल्यापासून त्यांनी तुझं नाव असं सहज काढलेलं मी ऐकलं नव्हतं. मला सारी तेलं पाठ होती, आणि आपल्याच घरातली वेळ तेवढी मी विसरले होते.

मग मी साधं केलं. न भाजलेल्या तिळाचं तेल, वास नाही, दुसरं काही नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बाळाच्या हातावर थोडंसं लावून एक दिवस थांबा, पुरळ आलं नाही तर हलक्या हाताने लावा, नाकाकानात घालू नका. बाटली घेऊन मी परवा खकनारच्या बसमध्ये बसले. शेजारच्या माणसाच्या टोपलीत कोंबडी होती, ती सारा रस्ता माझ्या ओढणीचा काठ टोचत होती, पण ते राहू दे.

ताईच्या सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. बाटली उचलून उन्हात धरली. "काय व, आमच्या घरी तेल नाही का? लोकाईच्या माया डिंकाचे लाडू आनतात, हे पोरगी बाटली आनते."

मी म्हटलं, "मावशी, लाडू मला येत नाहीत."

"मंग येते काय?"

"तेल येतं."

त्यांनी बूच काढून वास घेतला. मग म्हणाल्या, "आधी मी लावून पाहीन. मंग पोरीले." आत ताई बाळाला घेऊन पडली होती. बाळाच्या पोटऱ्यांवरची कातडी पापुद्र्यांसारखी सुटत होती. ताईने मला जवळ बोलावलं नाही, पण जा असंही म्हणाली नाही. निघताना मी म्हटलं, "ताई, घर सारवून ठेवलंय. तुझी खाट खिडकीशी लावलीय." ती म्हणाली, "बघू." मी त्या एका शब्दावर बुऱ्हाणपूरला घरापर्यंत आले.

म्हणून तुला विचारते, माय. ती नाही आली तर मी इथे राहू का? राहून काय करू? आणि आली तर

थांब. गल्लीत रिक्षा थांबलीय, कोणीतरी रिक्षावाल्याला झापतंय. आवाज ताईचा नाही. खिडकीतून बघितलं तर ताईच्या सासूबाई, हातात पिशवी, काखेत गादीची वळकटी. मागे ताई उतरतेय, पदराखाली बाळ. सासूबाई गल्लीतूनच ओरडतायत, "अवं पोरी, दार उघड! इले सोडून जानार होती, पन तुह्या एकटीच्या भरोशावर कशी सोडू? मी बी राह्यते!"

जाते. हे पत्र तुला पोचायचं नाही, मला ठाऊक आहे, म्हणून तुलाच सांगते, त्यांना सांगणार नाही. एवढं सारं तेलाचं बोलले मी, पण एवढंसं बाळ मी आजवर एकदाही हातात घेतलेलं नाही.