गाठ खांद्यामागे, सुई काखेत

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार (डॉक्टरांनी वाकायला मनाई केल्यामुळे बसल्या जागेवरून). तुझे गुडघे काय म्हणतात? साखर आटोक्यात आहे असं भाऊजी स्वतःच सांगत असतील, तर विश्वास ठेवू नकोस.

मी बरा आहे असं इथे सगळेच म्हणतात, म्हणून तर मला शंका येते. जन्मभर बसमध्ये तिकिटं तपासली; विचारल्यावर खिडकीबाहेर बघणारा माणूस मला लगेच कळतो. रिपोर्ट सांगताना डॉक्टर तसेच बघतात. त्यात कॅन्सरची गाठ माझ्या खांद्यामागे, आणि ही मंडळी लस टोचतात काखेत! शेजारच्या खुर्चीतल्या न्हाव्याला मात्र थेट गाठीत. मी जाब विचारला. तर म्हणे, काखेतल्या ग्रंथी म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांचं ठाणं. लस तिथे पोचली की ते गाठीची ओळख पटवून घेतात आणि मग तिच्यावर चालून जातात. "फुकट्याचा फोटो तुम्ही फुकट्याच्याच खिशात ठेवाल, की डेपोत लावाल?" (माझ्याच धंद्यावरून मला शहाणपण!) मग न्हाव्याचं काय? तर कुठे दिलेली लस जास्त जोर धरते, तेच या चाचणीत बघायचंय. म्हणजे यांनाच ठाऊक नाही!

म्हटलं, आता आपला हात जगन्नाथ. नर्स काखेत पेनाने खूण करून लस आणायला गेली, तेवढ्यात मी थुंकी लावून ती पुसली आणि तिचंच पेन घेऊन आरशात बघत गाठीवर नवी काढायला गेलो. पण आरशात डावं-उजवं काही उमगेना, आणि खूण पडली चांगल्या खांद्यावर. नर्सने खूण पाहिली, माझी निळी बोटं पाहिली आणि म्हणाली, "काका, पेन द्या." उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी विनातिकीट पकडला गेलो. न्हावी इतका हसला की त्याची सुई थांबवावी लागली. मला मुकाट काखेतच घ्यावी लागली.

तुझी भावजय नमस्कार सांगते.

तुझा (तुझ्या मते अजून लहान) भाऊ

ता. क. : पेनाची गोष्ट भाऊजींना सांगू नकोस. ते ती चारचौघांत सांगतील.

आणखी ता. क. : डॉक्टर म्हणतात, गाठ थोडी आटलीय. तुझी भावजयही तेच म्हणते, पण मला बरं वाटावं म्हणून ती काहीही म्हणेल. पेन पोचलं तरी माझी बोटं तिथवर पोचत नाहीत. ही गाठ पहिल्यांदा तुझ्याच बोटांना लागली होती. अक्का, मी घाबरलोय गं. एकदा येऊन चाचपून बघ. वाढली असेल, तरी तूच सांग.