मामाच्या हातचा नट

अण्णा, आज सकाळपासून मी तुमच्यावर चिडलेली आहे, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी हे सांगितल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही. झालं असं, की माझ्या मुलानं, तुमच्या नातवानं, ज्याला तुम्ही फक्त पाळण्यात बघितलं, परभणीच्या आमच्या अंगणात गाडी जॅकवर उचलली आणि पुढचे शॉकअप बदलायला घेतले. त्याच्याकडे एक पाना आहे. ठरलेला जोर लागला की तो टक् वाजतो, आणि मुलगा थांबतो. शेजारचे गृहस्थ चहा पीत उभे होते. म्हणाले, "द्या इकडं, मी बी एक दम लावतो." मुलानं मान वर न करता सांगितलं, "नको काका, झालंय तेवढं बास हाय." संपलं! कुणी रुसलं नाही, कुणाचं नाक कापलं गेलं नाही. एवढंसं वाक्य, अण्णा. ते तुमच्या तोंडून का निघालं नाही?

अजून डोळ्यांसमोर आहे, सोनपेठच्या आपल्या दारात तुमची जुनी मोटार उभी आहे. आपला मुलूख मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. लग्नकार्याला, आजाऱ्याला न्यायला तुम्ही ती भाड्यानं फिरवायचात, आणि गावात मिस्त्री नव्हता म्हणून दुरुस्तीही घरीच करायचात. मला मॅट्रिकच्या परीक्षेला परभणीला न्यायचं, आणि नेमका मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटलेला. तुम्ही नवा पाटा बसवताय, त्याला आसाशी जखडणारे वाकवलेले बोल्ट घालताय, आणि मी नट ओंजळीत घेऊन उकिडवी बसलेय. मी घाईनं एका बाजूचा नट पुरता आवळला, तर तुम्ही पान्याची दांडी माझ्या मनगटावर टेकवलीत. "आवळायचं म्हंजे गळा दाबायचा न्हाई, माय. चारी नटं सारखी. थोडं हिकडं, थोडं समोरच्या कोपऱ्यात. मग गाडी खाली सोडायची, वजन घिऊ द्यायचं, पुन्हा एकडाव बघायचं." मी विचारलं, "आन् मग?" तुम्ही म्हणालात, "मग हात काढायचा." घरात मॅट्रिकला बसणारी मी पहिली. आई म्हणायची, "पास झाली तर मास्तरीण व्हईल, न्हाई तर पाव्हणे दारात बसलेच हायत." तुम्हाला हे पुरतं ठाऊक होतं.

काम झालं होतं, अगदी नीट झालं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळीच निघायचं ठरलं होतं. पण चारठाण्याहून आईचा भाऊ यायचा होता, म्हणून तुम्ही थांबलात. भाचीचं कुठलंही कार्य मामाशिवाय होत नाही ना! जावळ मामाच्या मांडीवर काढलं, कान टोचताना मामानं धरलं, लग्नात तो पाठीशी उभा राहणार, मग परीक्षाच कशी सुटेल? मामा संध्याकाळी पेढे घेऊन आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि त्याचा चेहरा पडला. "दाजी, समदं तुमीच उरकलं? माजी भाची बसणार आन् माजा हात न्हाई लागला?" मला "हात काढायचा" म्हणून शिकवणारे तुम्ही, तुम्ही पाना त्याच्या हातात दिलात! मामा तालमीतला गडी. त्यानं पान्याच्या दांडीला लांब पाईप अडकवला, दम धरला आणि नट असा ओढला की बोल्ट करकरला. मी म्हटलं, "अण्णा, वाजलं." तुम्ही मला डोळ्यांनीच गप्प केलंत आणि त्याला म्हणालात, "लय झकास." आईनं त्या नटाला हळदीकुंकू लावलं. मामा जेवायला बसल्यावर मी जुना बोल्ट शोधून आणला आणि बदला म्हणून मागे लागले, तर तुम्ही म्हणालात, "त्यानं मायेनं लावलेला हात मी काढू?"

मामाला घेऊन पहाटे निघालो. गंगाखेड मागे पडलं, आणि पिंगळीच्या अलीकडे ओढ्याच्या उतारात तो बोल्ट तुटला. आस सरकला, चाक तिरकं होऊन पत्र्याला घासलं, गाडी जागेवर बसली. तुम्ही वाकून तुकडा उचललात. मामा पुन्हा पुन्हा विचारतोय, "काय झालं दाजी? कशानं झालं?" तुम्ही तुकडा खिशात टाकलात. "माज्या हातून जास्त आवळला गेला," म्हणालात. माझ्यासमोर! बैलगाडीतून परभणीत पोचलो तेव्हा पहिला पेपर देऊन पोरं फाटकातून बाहेर येत होती. मामा माझ्यापेक्षा जास्त रडला. पुढच्या परीक्षेच्या आत माझं लग्न लागलं आणि मामा ठरल्याप्रमाणे पाठीशी उभा राहिला.

आई तुम्हाला शेवटपर्यंत बोलली. भाकरी वाढताना हटकून निघायचं, "एक नट धड आवळता आला न्हाई, पोरीचं वाटोळं केलं." तुम्ही ताटात बघत म्हणायचात, "चुकलंच." मी माहेरपणाला आलेली, चुलीपाशी बसून दातओठ खायचे. किती वैताग यायचा म्हणून सांगू! आई तसंच समजून गेली, मामा काहीच न समजता गेला. वर्ष माझं बुडालं, मास्तरीण मी झाले नाही, आणि मामाचा मान राखायचं मात्र तुम्ही एकट्यानं ठरवलंत. मला एका शब्दानं तरी विचारायचं होतंत.

इथवर लिहून उठले. ठरवलं, आज मुलाला खरं काय ते सांगून टाकायचं. बाहेर मामाची नात आली होती, घरच्या शेंगा घेऊन, पायरीवर बसून सोलत होती. मुलगा हात पुसत होता. त्यालाच कसं सुचलं कोण जाणे, म्हणाला, "आई, तुझी मॅट्रिक राहिली ती नेमकी कशानं गं?" तिनंही मान वर करून बघितलं.

मी म्हटलं, "तुझ्या आजोबांच्या हातून नट जास्त आवळला गेला."

राग अजून आहे, अण्णा, तो जायचा नाही. पण बोलताना जीभ जराही अडखळली नाही. हा कागद आता फाडते. मामाची नात मुक्कामाला राहणार आहे, तिच्या हाती लागायला नको.