काजळीची डबी

२८ जानेवारी

आज मी गानसुखच्या घरात राहायला आले. दोन बॅगा, एक शिवणयंत्र आणि बालवाडीतल्या बायांनी भेट दिलेली ही वही, एवढा माझा संसार. चौथा मजला, दोन खोल्या. भिंतीतले गरम पाण्याचे नळ छान तापतात आणि खिडकीतून उलानबातरचा सगळा कोळशाचा धूर दिसतो. मला घर आवडलं. चौतिसाव्या वर्षी लग्न झालेल्या बाईला घर आवडायला फार काही लागत नाही.

गानसुख लिफ्ट दुरुस्त करतो आणि कमी बोलतो. त्याची आई, डोलगोर, गुडघ्यांच्या औषधासाठी गावाहून आली आहे आणि दोघांच्या वाटचं तीच बोलते. दारातच मला वरपासून खालपर्यंत बघून सासूबाई म्हणाल्या, शहरातली हाडं दिसतायत, हिवाळा निघाला म्हणजे मिळवली. मी हसले. थट्टाच असेल.

आणि गानसुखची मुलगी, साडेचार वर्षांची. तिची आई कामाला म्हणून कोरियाला गेली ती तिकडचीच झाली. मुलीचं नाव एनेबिश, म्हणजे ‘ही नव्हे’. हिच्या आधीची दोन बाळं वर्षाच्या आत गेली, म्हणून सासूबाईंनी हिचं नाव असं ठेवलं. जे न्यायला येतं त्याने नाव ऐकावं, ही नव्हे म्हणून पुढे जावं. अशी नावं आमच्यात गल्लोगल्ली आहेत, मी हसत नाही. पण वसंतात ती माझ्याच बालवाडीत येणार, हजेरीला असं एखादं नाव आलं की बाकीची पोरं कशी खिदळतात ते मी रोज बघते.

संध्याकाळी भांडी पुसताना तिने मला विचारलं, मी कोण नव्हे? मग मी तिच्या कानात सांगितलं, तू सारनाई. रानगुलाब. आपल्या दोघींचंच गुपित. ती इतकी खूश झाली की झोपेपर्यंत स्वतःलाच हाका मारत होती.

फेब्रुवारीत आपलं नवं वर्ष झालं की कागदोपत्री नाव बदलून घेईन. सगळ्यांना तेव्हाच सांगेन.

५ फेब्रुवारी

आठवडाभर आम्ही नव्या वर्षाच्या सणासाठी बूझ करतोय, मोदकांसारखे, पण मांसाचे. खिमा भरायचा, चुण्या घालायच्या, ताटं गच्चीत ठेवायची, तासाभरात दगड. मी नऊशेपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. सासूबाईंना माझ्या चुण्या पसंत नाहीत. मला नाही, एनेबिशला सांगतात: हिला म्हणावं तोंड नीट मिट, रस गळतो. त्यांनी अजून एकदाही माझं नाव घेतलेलं नाही. मी ‘ही’ आहे, नाहीतर ‘शहरातली’.

सणाला सगळे गावी, झावखानला, थोरल्या दिरांकडे जाणार. हजार किलोमीटर. गानसुख म्हणतो नऊ तारखेला निघू, दहाला पोचू. अकराला बितून, जुन्या वर्षाची शेवटची संध्याकाळ. त्या संध्याकाळी जो जिथे असेल तो वर्षभर तिथलाच, असं सासूबाई मानतात. त्यामुळे घरीच असायला हवं. रेडिओवर खांगाईच्या डोंगरात वादळ सांगताहेत. मी म्हटलं, एक वर्ष नाही गेलो तर? सासूबाई म्हणाल्या, तुला काय, तुझं कोण वाट बघतंय तिथे. त्यात चूक काही नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

९ फेब्रुवारी

पहाटे निघालो. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून शेजारीण मोटारीच्या मागे दूध शिंपडत राहिली, काचेवरच गोठलं ते. मोटार जुनी जपानी, पोट जमिनीला टेकलेलं. मागच्या सीटवर सासूबाई, एनेबिश आणि बूझची दोन पोती.

निघण्याआधी सासूबाईंनी पत्र्याची छोटी डबी काढली. त्यांच्या गावच्या चुलीची काजळी. बोटाने एनेबिशच्या कपाळावर काळा पट्टा ओढला आणि म्हणाल्या, हे पोर नव्हे, ससा आहे ससा. माझी आजीही हे करायची. तिला दोन शब्द गोड बोलायला वेळ नसे, पण काजळी कधी विसरली नाही.

तासाभराने पेट्रोल भरायला थांबलो. सासूबाई पाय मोकळे करायला उतरल्या. एनेबिशने मी शिवलेली लाल टोपी घातली होती आणि मला बालवाडीतल्या बायांना फोटो पाठवायचा होता. माझी मुलगी, असं लिहून. कपाळ काळं बरं दिसेना. मी ओल्या कागदाने पुसलं. ती म्हणाली, आजी ओरडेल. फोटो काढून झाल्यावर मी टोपी भुवयांपर्यंत ओढली, म्हटलं आता कोण बघतंय.

फोटो सुरेख आला.

१० फेब्रुवारी, सकाळ

रात्र तारियातच्या खानावळीत बाकांवर काढली. मालकीण चहा ओतताना म्हणाली, पुढचा रस्ता कालपासून बंद आहे, दोन मालमोटारी परत आल्या, तुम्ही कुठे निघालात हे खेळणं घेऊन. गानसुख म्हणाला, जुन्या खिंडीने जाऊ, वीस वेळा गेलोय. ती म्हणाली, एकविसाव्यांदा माझ्याकडचं फावडं तरी घेऊन जा. घेतलं.

मी त्याला बाजूला नेऊन म्हटलं, लेकरू आहे सोबत, इथेच थांबू. तो म्हणाला, आईला सांग. सासूबाई म्हणाल्या, मी एकाहत्तर वर्षांत बितूनला घराबाहेर राहिले नाही, हिच्या नाजूक तब्येतीसाठी आता राहू होय? झालं. निघालो.

बाहेर उणे छत्तीस. शाई गोठली, म्हणून पेन्सिल.

१० फेब्रुवारी, दुपार

खिंडीच्या माथ्यावर ओवो आहे, डोंगराच्या देवाची दगडांची मोठी रास, निळ्या वस्त्रांनी झाकलेली. उतरून तीन फेऱ्या घालायला हव्यात. गानसुखने उशीर झाला म्हणून तीनदा भोंगा वाजवला आणि पुढे काढली. सासूबाई मागे ओठातल्या ओठात पुटपुटत राहिल्या.

थोडं खाली एनेबिशला लघवीला लागली. मी तिला घेऊन उतरले. बर्फ पडायला लागला होता, पण दिसत होतं. ती धावत सुटली. लाल टोपी दहा पावलांवर, पंधरा पावलांवर, मग एकदम नाहीच. मी ओरडले, सारनाई, सारनाई, लांब जाऊ नको.

ती एका दगडाआड बसलेली होती, हसत. मी तिला उचललं. तेवढ्यात वरून, ओवोच्या बाजूने, हाक आली.

सारनाई.

माझाच आवाज. मी स्वतःला समजावलं, डोंगर आहे, आवाज घुमला असेल. मोटारीत बसल्यावर मला आठवलं की ताज्या बर्फात आवाज घुमत नाही. हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून माहीत असतं.

खिंडीत नाव घेऊन हाक मारायची नाही, हेही.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी पाच

अडकलो. रस्ता कुठे संपला ते गानसुखलाही कळलं नाही. चाकं बुडाली आहेत, चहूकडे पांढरं, फोनला रेंज नाही. तो दर अर्ध्या तासाने फावड्याने मागची नळी मोकळी करतो, नाहीतर इंजिनाचा धूर आत येईल. त्याने जादाचं टायर जाळलं. धूर वर जायच्या आतच बर्फाने खाल्ला.

सासूबाईंनी एनेबिशला आपल्या मेंढीच्या कातड्यात घेतलंय. टोपी काढलेली नाही अजून.

मी त्यांना सांगायला हवं. धीर होत नाही.

११ फेब्रुवारी, सकाळ

रात्र गेली. इंजिन थोडा वेळ चालवायचं, थोडा वेळ बंद. काचा आतून गोठल्यात. कोणी आलं नाही.

उजाडल्यावर गानसुखने रस्ता शोधायला म्हणून कमरेला दोरी बांधून पन्नास पावलं जाऊन पाहिलं. परत येऊन म्हणाला, मोटारीभोवती पावलं आहेत, गोल, तीन फेऱ्या. मी विचारलं, तुझीच ना? तो म्हणाला, लहान आहेत, बायकी बुटांची. मग माझ्या पायांकडे बघितलं.

मी रात्रभर उतरलेले नाही.

११ फेब्रुवारी, अकरा वाजता

दुसरी हाक आली. माझ्याच आवाजात, अगदी मायेने: सारनाई. आणि मी आत, तोंड मिटून बसलेली.

एनेबिश पटकन उठली, ओ देणारच होती. सासूबाईंनी तिच्या तोंडावर हात दाबला. वादळ जरा कमी झाल्यावर त्यांनी तिला विचारलं, कोणाचं गं नाव हे? पोर अभिमानाने म्हणाली, माझं. हिने दिलंय.

त्यांनी टोपी काढली. कपाळ स्वच्छ.

मला वाटलं मारतील. त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या. म्हणाल्या, दोन पोरं मी याच हातांनी पोचवून आले. तिसरीसाठी एक घाणेरडं नाव आणि चिमूटभर काजळी, एवढंच होतं गं माझ्याकडे. तेवढंही तुला बघवलं नाही.

मी रडले. म्हटलं, मला तिची आई व्हायचं होतं. खरंच एवढंच होतं.

११ फेब्रुवारी, एक

पेट्रोल थोडंच. एनेबिशचे ओठ निळे. गोठलेले बूझ चाववत नाहीत, चहा संपला.

सासूबाईंनी सांगितलं: दोन हाकांना गप्प राहता येतं. तिसरीला कोणीतरी ओ द्यावी लागते. नाही दिली तर ते शोधत आत येतं आणि ज्याचं नाव त्याला नेतं. ओ मिळाली की ज्याने दिली त्याला घेऊन जातं, वादळही त्याच्याबरोबर जातं.

मग गानसुखकडे बघत, माझ्याकडे नाही: नाव हिने काढलंय, हिनेच ते अंगावर घ्यावं.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो नखाने काचेवरचा बर्फ खरवडत होता. वेडेपणा आहे, म्हणाला नाही. आई गप्प बस, म्हणाला नाही. खरवडत राहिला. हाताएवढी जागा साफ केली, बाहेर बघितलं, पुन्हा गोठली, पुन्हा खरवडली.

अडीच

सासूबाईंनी डबी काढली. आधी एनेबिशला पट्टा. मग गानसुखला, एवढा बाप्या, कपाळ पुढे करून बसला. मग स्वतःला. मीही केस मागे घेऊन कपाळ पुढे केलं होतं.

डबी मिटली. म्हणाल्या, संपली.

मिटताना मी पाहिलं — तळाशी अजून काळं होतं. चांगलं बोटभर.

मी केस पुन्हा कपाळावर ओढले. काय बोलणार —

साडेतीन

इंजिन बंद पडलं.

एनेबिशला शिकवलं, तुझं नाव काय? एनेबिश. पुन्हा सांग. एनेबिश. शहाणी. मग तिने विचारलं, मग सारनाई कोण?

म्हटलं, मी. माझंच नाव ते, तुला थोडे दिवस वापरायला दिलं होतं.

ती म्हणाली, छान आहे तुझं नाव, आई —

आई म्हणाली. पहिल्यांदाच. गानसुखने ऐकलं. खांदे हलले त्याचे, मान वळली नाही.

चार

पावलं. गोल. एक फेरी झाली

माझ्या बाजूच्या काचेवर कोणीतरी बाहेरून खरवडतंय — आत दिसावं म्हणून. लाल लोकर — नाही, टोपी तर इथे, माझ्या मांडीवर

दुसरी फेरी

सासूबाईंनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. किती हलका हात आहे त्यांचा. उयांगा, म्हणाल्या. माझं नाव त्यांना माहीत होतं तर. उयांगा, पोरी, बितूनची वेळ होतेय. लेकराला घरी पोचू दे —

लेकराला. घरी. त्यात मी नाही, हे मला कळतं. कळतं मला सगळं. आणि तरी त्या पोरी म्हणाल्या तेव्हा बरं वाटलं, लाज वाटते लिहायला

वही एनेबिशच्या कोटात ठेवतेय. मोठी झालीस की वाच. फोटोही बघ, बायांना पाठवलेला. त्यात तुझं कपाळ —

तिसरी. काचेपाशी. माझ्याच आवाजात, बालवाडीत हजेरी घेते तशी

गानसुखला म्हटलं, ओ देऊन लगेच येते, दार आतून लावू नकोस. त्याने मान