एक शब्द लोड होत नाही

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रशील जाऊन आज सहा दिवस. स्नेहलला अजून माहीत नाही.

लिहून ठेवते, नाहीतर मलाच खरं वाटत नाही. गुरुवारी हे पोस्टातच, टपालाची पिशवी बांधता बांधता खुर्चीत बसले ते बसलेच. चोपड्याला दवाखान्यात नेलं तोवर काही उरलं नव्हतं. पोर धुळ्याला, कर्णबधिर शाळेच्या वसतिगृहात. दहावीचं वर्ष. एकवीसला पहिला पेपर.

सासूबाई म्हणाल्या, "पोरले आते सांगू नको. तिना पेपर व्हई जाऊ दे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तिच्याशिवाय तिच्या बापाला निरोप दिला.

१६ फेब्रुवारी, रविवार

रविवारी दहा मिनिटं व्हिडिओ कॉल असतो. त्याच्यासाठी मंगळसूत्र परत घातलं. टिकली लावली. आरशात बघितलं नाही.

गावात नेट म्हणजे असून नसल्यासारखं. चित्र येतं, थांबतं. तिचे हात हवेत अडकतात आणि पुढचं वाक्य निसटून जातं. तिनं मूठ तळहातावर आपटली — टपालाचा ठप्पा. म्हणजे बाबा. दोन वर्षांची असल्यापासून त्यांचं नाव तेच. बाबा कुठे?

मी दाराकडे हात केला. गेले.

आमच्या घरच्या खुणेत 'गेले' म्हणजे चोपड्याला गेले, संध्याकाळी येतील. परत न येण्यासाठी गेले, याला आमच्याकडे खूणच नाही. पंधरा वर्षांत कधी लागली नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रविंद्र भाऊजींचा फोन. म्हणाले, "वहिनी, तिला वाचता येतं. कागदावर लिहून द्या."

कागदावर? नोटीस दिल्यासारखं हातात ठेवायचं आणि समोर उभं राहायचं? तिची भाषा हातांची आहे. तिच्या शाळेतल्या खुणा मला नीट येतही नाहीत. दरवर्षी सुट्टीत ती नव्या घेऊन येते, मी चार शिकते, सहा विसरते. प्रशीलना जास्त यायच्या.

सांकेतिक भाषेच्या शब्दकोशाची एक वेबसाइट आहे. प्रत्येक शब्दाचा व्हिडिओ. प्रशीलच्या लॅपटॉपवर उघडली, फोनचं नेट जोडून. पाऊण तास गोल फिरत होतं. 'मृत्यू'ची बाई हात वर करते आणि तिथंच थांबते.

२३ फेब्रुवारी, रविवार

कॉल सुरू झाला आणि चित्र अडकलं. दोन मिनिटं तसंच. ती नुसती बघत होती. मग कट.

१ मार्च, शनिवार

भाऊजी जळगावहून आले. तिथल्या मेहरूण भागात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं चांगलं नेट आहे. लॅपटॉप मांडीवर घेऊन ब्राउझरच्या सेटिंगमध्ये गेले. एक पत्ता टाकला, पुढं चार आकडे. एक सर्टिफिकेटही टाकलं.

"याला प्रॉक्सी म्हणतात, वहिनी. तुमचं ब्राउझर आता थेट बाहेर जाणार नाही. माझ्या दुकानातल्या मशीनला सांगेल. मशीन पान आणेल, दाबून लहान करेल, मग इकडं पाठवेल. एकदा आणलेलं साठवूनही ठेवेल."

मी विचारलं, "म्हणजे आपल्या वतीनं दुसरं कोणी जाऊन येणार?"

"तसंच."

मला वाटलं, धुळ्याला जाऊन सांगायलाही असं कोणी मिळालं असतं तर. उठून चहा ठेवला.

२ मार्च, रविवार

आज कॉल बरा चालला. पेपर चांगले जातायत म्हणाली. बाबांचं विचारलंच नाही. मला हायसं वाटलं, आणि मग हायसं वाटल्याची लाज वाटली.

३ मार्च, सोमवार

व्हिडिओ आता लगेच येतात! पण काय येतात — भाऊजींच्या मशीननं इतके दाबलेत की बोटंच दिसत नाहीत. पंजाच्या जागी एक पिठाचा गोळा. या भाषेत सगळं बोटांवर असतं. एक बोट इकडचं तिकडं झालं की शब्द बदलतो. मी काय सांगून बसेन तिला?

८ मार्च, शनिवार

माझ्या अंगणवाडीत आज पोषण आहार वाटला. मुलं हसत होती, मीही हसले असेन.

भाऊजींनी त्या वेबसाइटपुरतं दाबणं बंद केलं. दुकानात बसून एकेक शब्द आधी तिकडं उतरवून ठेवतायत, म्हणजे मला इकडं निदान सावकाश तरी मिळेल. दुपारी बसले तर पडद्यावर एकच ओळ — प्रॉक्सी सर्व्हर जोडणी नाकारत आहे. मेहरूणला वीज गेली होती. दोन तास ती ओळ बघत बसले. उठून करणार काय होते?

९ मार्च, रविवार

कॉल लागला नाही.

१२ मार्च, बुधवार

आला. न थांबता, बोटं मोजता येतील असा. 'मृत्यू'. चार सेकंदांचा आहे. एवढाच!

साठवलेला, म्हणून आता हवा तितक्या वेळा लगेच दिसतो. वीसदा पाहिला. स्वतः करायला हात उचलला तर खांद्यापर्यंतच गेला. महिनाभर नेटला शिव्या दिल्या. आज नेट आहे आणि माझा हात उठत नाही.

सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. "काय शे हाई?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा लावला. पुन्हा लाव म्हणाल्या. मग त्यांनी ती खूण केली. वाकड्या बोटांनी, पण बरोबर. करून झाल्यावर हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं दाबून धरला.

त्या आजवर माझ्यासमोर रडल्या नव्हत्या.

१५ मार्च, शनिवार

आठ शब्द जमले. बाबा. मृत्यू. त्रास झाला नाही. तुझी आठवण. मला माफ.

'त्रास झाला नाही' हे मला खरंच माहीत आहे का? नाही. तरी शिकले.

उद्याचा कॉल परीक्षेमुळे रद्द करा म्हणून मीच वसतिगृहाला कळवलंय. तिच्यासमोर आणखी एक रविवार खोटं बसणं होणार नाही. सोमवारी शेवटचा पेपर. पहाटेच्या बसनं निघते. मंगळसूत्र घालणार नाही.

१७ मार्च, सोमवार. धुळे

फाटकाजवळच्या बाकावर लिहितेय. ती सामान बांधायला आत गेलीय.

ती पेपर देऊन बाहेर आली. मी हात उचलले. तिनं ते धरले आणि खाली केले. मग तिनंच तो शब्द केला. हळू, मला शिकवावा तसा.

तिनंच सांगितलं: तेवीस तारखेला चित्र अडकलं तेव्हा माझा चेहरा अडकला, आणि माझ्यामागच्या भिंतीवर तेराव्याला लावलेला, हार घातलेला फोटोही. दोन मिनिटं तिच्यासमोर तेच होतं. त्यानंतर तिनं उरलेले सगळे पेपर लिहिले.

रागावली नाही. एवढंच विचारलं — आई, इतके दिवस बाबांबद्दल तू कोणाशी बोलत होतीस?